आधी कागद, मग केस

पुतणीच्या लग्नानंतरच्या स्वागत समारंभाची तयारी चालली होती. पार्लरमधली एक मुलगी घरी आली होती. असेल वीस-बावीस वर्षांची. तिनं पेटीतून केस कुरळे करायचा विजेचा चिमटा काढला, तापत ठेवला आणि तापल्यावर केसांना न लावता आधी पातळ कागदाचा एक कपटा त्यात धरला. कागद बाहेर काढून खिडकीजवळ नेऊन पाहिला. किंचित पिवळा पडला होता. तिनं चिमट्याची उष्णता कमी केली, थोडी थांबली, दुसरा कपटा धरला. तो पांढराच राहिला, तेव्हा कुठं तिनं पुतणीच्या केसांची पहिली बट हातात घेतली.

मला राहवेना. मी विचारलं, ‘‘अगं, यावर तर आकडा दिसतोय. मग कागद कशाला?’’

‘‘काकू, आकडा कसाही दाखवतो,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या मॅडमनी शिकवलंय. आधी कागद, मग केस.’’

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे ते ऐकून मी चमकले. कागदाची हीच परीक्षा पॅरिसमधले केशकर्तनकार दीडशे वर्षांपूर्वी करत होते. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, असं आपण मुलांना शिकवतो. पण हातातल्या कामालाही इतिहास असतो. तापलेल्या लोखंडानं केस वळवायचे आणि तरीही ते जळू द्यायचे नाहीत, ही माणसाची एक जुनी खटपट आहे. ती कुणी केली आणि तिची किंमत कुणी मोजली, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

केसांना ऊब देणं आपल्याला नवं नाही. शिकेकाईनं न्हायल्यावर केस उन्हात मोकळे सोडायचे, पावसाळ्यात किंवा बाळंतिणीचे असतील तर धुपाटण्यात निखारे घालून वर धूप किंवा ऊद टाकायचा आणि त्या धुरीवर केस धरायचे, हे आपल्या आज्या-पणज्या करतच होत्या. ही चाल किती जुनी असावी? कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष मेघाला उज्जयिनीची वाट सांगताना म्हणतो, की तिथल्या स्त्रिया केसांना धूप देतात, त्याचा धूर जाळीदार खिडक्यांतून बाहेर येईल आणि तुझं अंग भरून येईल. म्हणजे किमान दीड हजार वर्षांची ही रीत. पण त्यात एक गोष्ट लक्षात घ्या. निखारा केसांपासून लांब असे. केसांपर्यंत पोहोचायची ती नुसती ऊबदार, सुवासिक हवा. केसांचा आकार बदलायचा नव्हता, ते फक्त वाळवायचे होते.

आकार बदलायचा म्हटलं, की तापलेला धातू केसांना थेट टेकवावा लागतो आणि मग खरी पंचाईत सुरू होते. प्राचीन रोममध्ये श्रीमंत स्त्रियांच्या कपाळावर कुरळ्या बटांचे थर रचले जात. त्यासाठी ‘कॅलॅमिस्ट्रम’ नावाचा लोखंडी दांडा असे. तो जाळावर न धरता गरम राखेत खुपसून तापवत. ते करणाऱ्या गुलामाला ‘सिनेरारियस’, म्हणजे राखवाला, म्हणत. राखेत का? जाळावर लोखंड कुठं कमी, कुठं जास्त तापतं, राखेतली ऊब त्या मानानं सौम्य आणि सारखी असते. केस जपण्याचा हा पहिला शहाणपणा आणि तो एका गुलामाच्या हातात होता.

तरी केस जळायचे ते जळायचेच. रोमन कवी ओव्हिडनं दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या प्रेमिकेच्या केसांवर एक कविता लिहिली आहे. रंग लावून लावून तिचे केस गळून गेले होते. कवी तिची समजूत घालतो आणि टोमणेही मारतो. इतके मऊ केस तू लोखंडाच्या आणि आगीच्या हवाली केलेस, आता जर्मनीतल्या कैदी बायकांच्या केसांचा टोप घाल, असा त्याचा सूर आहे. म्हणजे एकीचे केस जळायचे आणि भरपाई म्हणून दुसरीचे कापले जायचे. ही दुसरी बाई कोण होती, हे कविता सांगत नाही.

पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समध्ये टोपांची चलती झाली. तिथं केसांना कायमचा कुरळेपणा देण्याची एक अजब रीत होती. केस मातीच्या छोट्या नळ्यांवर गुंडाळून आधी पाण्यात काही तास उकळत, मग वाळवत, मग कागदात बांधून राईच्या पिठाच्या कणकेत भरत आणि ती कणीक चक्क भट्टीत भाजायला देत. ऐकून हसू येतं, पण त्यामागची अक्कल पाहा. ओल्या कणकेमुळे आतली उष्णता बेताची राहते, सगळीकडून सारखी पोहोचते आणि केस करपत नाहीत. आपण पानगी केळीच्या पानात भाजतो, तीच ही युक्ती.

पण हे झालं कापलेल्या केसांचं. डोक्यावरच्या केसांना भट्टीत कसं घालणार? त्यासाठी ‘पापिलोत’ची पद्धत होती. बट बोटाभोवती गुंडाळायची, तिकोनी कागदात बांधायची, तो कागद तापलेल्या चपट्या चिमट्यात क्षणभर दाबायचा आणि थंड होईपर्यंत सोडायचा नाही. इथं कागद हा केस आणि लोखंड यांच्यामधला पडदा होता. काम सुरक्षित, पण वेळखाऊ. डोकंभर बटा म्हणजे डोकंभर पुड्या.

१८७२ च्या सुमारास पॅरिसमधल्या मार्सेल ग्रातो या तरुण केशकर्तनकारानं हा पडदा काढून टाकला. त्याच्या चिमट्याची एक बाजू गोल दांड्याची होती आणि दुसरी पन्हळीसारखी खोलगट. तो चिमटा मनगटाच्या विशिष्ट वळणानं असा फिरवायचा, की बटेऐवजी केसांवर लाट उमटायची. नैसर्गिक वाटावी अशी, एकामागून एक येणारी लाट. ‘मार्सेल लाट’ म्हणून ती जगभर गेली आणि १९२० नंतर बायकांनी केस आखूड कापायला सुरुवात केली, तेव्हा तर तिला उधाण आलं. ग्रातो त्यावर श्रीमंत झाला.

चिमटा मात्र ज्योतीवर तापवायचा असे. त्याला ना आकडा, ना दिवा. मग किती तापला हे कळणार कसं? तर कागद धरून. कागद तपकिरी झाला, तर थांबायचं. नुसताच गरम झाला, तर केसांना लावायचं. आधी जो कागद पडदा होता, तो आता परीक्षक झाला. आमच्या घरी आलेल्या त्या मुलीच्या हातात होता तो हाच कागद.

आता १९०६ या एका वर्षातल्या दोन गोष्टी सांगते. एक लंडनमधली, एक अमेरिकेतली.

लंडनमध्ये कार्ल नेसलर नावाचा जर्मन केशकर्तनकार होता. मार्सेलची लाट केस धुतले की जाते, ती कायमची कशी टिकवायची, या विचारानं त्याला पछाडलं होतं. त्यानं केस क्षाराच्या द्रावणात भिजवून पितळी रुळांवर गुंडाळायचे आणि ते शंभर अंशांच्या वर तापवायचे, असं यंत्र केलं. बारा रूळ, प्रत्येक जवळजवळ किलोभर वजनाचा. त्यांचा भार डोक्यावर पडू नये म्हणून ते वरून दोऱ्यांनी टांगलेले. बसायचं पाच-सहा तास. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं याचं जाहीर प्रात्यक्षिक केलं आणि ‘पर्मनंट वेव्ह’ हा शब्द रूढ झाला. आपण ज्याला ‘पर्म’ म्हणतो, तो हाच.

पण प्रात्यक्षिकाआधीचे प्रयोग कुणावर झाले? त्याच्या बायकोवर. तिचं नाव कातारिना. पहिल्या दोन प्रयोगांत तिचे केस जळून गेले आणि डोक्याची कातडी भाजली. तिसऱ्यांदा जमलं. शोधकर्त्यांच्या यादीत नाव नेसलरचं लागतं. मला मात्र ती गोष्ट वाचल्यापासून तिसऱ्यांदा त्या खुर्चीत बसणारी कातारिना डोळ्यांसमोर दिसते.

त्याच वर्षी अमेरिकेत डेन्व्हर शहरात सेरा ब्रीडलव्ह नावाच्या कृष्णवर्णीय बाईनं चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केलं आणि ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावानं केसांच्या औषधी मलमाचा धंदा सुरू केला. १८६७ मध्ये लुइझियानात जन्मलेल्या सेराचे आईवडील गुलामीत वाढलेले. सातव्या वर्षी ती पोरकी झाली. पुढं विधवा झाली, सेंट लुईसमध्ये लोकांचे कपडे धुऊन पोट भरू लागली. तिचे स्वतःचे केस गळत होते. अशी बाई १९१९ मध्ये वारली तेव्हा अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय स्त्रियांत गणली जात होती आणि हजारो बायका तिच्या प्रतिनिधी म्हणून स्वतःच्या पायावर उभ्या होत्या.

तापवलेली धातूची फणी तिनं शोधून काढली, असं अनेकदा छापून येतं. ते खरं नाही. अशा फण्या आधीपासून विकल्या जात होत्या. तिनं केलं ते असं, की केस धुणं, डोक्याला मलम चोळणं, विंचरणं आणि मग बेतानं तापवलेली फणी फिरवणं, या सगळ्याची मिळून एक शिस्त बांधली. आपण केस सरळ करणाऱ्या नाही, केस निरोगी करणाऱ्या आहोत, असं ती आवर्जून सांगे. तिला हे सांगावं का लागत होतं? कारण कुरळे, दाट केस हेच तिच्या समाजाच्या हिणवणुकीचं निमित्त होतं. गोऱ्यांच्या घरात किंवा दुकानात काम हवं, तर केस ‘नीटनेटके’ हवेत, आणि नीटनेटके म्हणजे सरळ. तेव्हा ती फणी अनेकींसाठी हौस नव्हती, रोजगाराची अट होती. या अटीविरुद्धची लढाई फार लांबली. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियानं केला तो २०१९ मध्ये.

त्याच बायकांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९१७ मध्ये वॉकरबाईंच्या प्रतिनिधींचं फिलाडेल्फियात अधिवेशन भरलं. कुठं किती मलम विकलं, हे तर झालंच, पण जमावानं कृष्णवर्णीयांना ठार मारण्याचे जे प्रकार चालले होते, त्यांविरुद्ध कायदा करा, अशी मागणी त्या बायकांनी थेट अध्यक्ष विल्सन यांच्याकडे पाठवली. फणी तापवणारे ते हात राजकारणही करत होते.

याच कंपनीत पुढं मार्जोरी जॉयनर नावाची बाई काम करत होती. शिकागोत राहणाऱ्या या बाईनं १९२८ मध्ये एकाच वेळी अनेक बटा तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. ते यंत्र वापरताना बायकांच्या डोक्याला चटके बसतात, हे तिनं पाहिलं आणि लगेच पुढच्या वर्षी डोक्याची कातडी जपणाऱ्या एका साधनाचंही पेटंट घेतलं. चटका कुठं बसतो हे तिला ठाऊक होतं, कारण ती रोज डोक्यांवर काम करत होती. पेटंटचे हक्क कंपनीकडे होते. तिला त्यातून जवळजवळ काहीच मिळालं नाही.

हे सगळं हाताच्या अनुभवानं चाललं होतं. केसात नेमकं काय घडतं, हे कळलं ते इंग्लंडच्या लीड्समध्ये, लोकरीच्या गिरण्यांच्या गावात. लोकर म्हणजे मेंढीचा केसच. १९३० च्या दशकात तिथल्या विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी यांनी लोकरीच्या आणि केसांच्या धाग्यांवर क्ष-किरण टाकले. त्यांना दिसलं, की केसांतलं केराटिन हे प्रथिन आत गुंडाळलेलं असतं आणि ओला धागा ताणला की उलगडतं. १९५१ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुंडाळीचा नेमका आकार सांगितला. तो आहे मळसूत्रासारखा पीळ.

हे पीळ एकमेकांना दोन तऱ्हेनं बांधलेले असतात. एक कच्ची गाठ, हायड्रोजनच्या बंधांची. ती पाण्यानं सुटते, उष्णतेनंही सुटते आणि वाळल्यावर, थंड झाल्यावर नव्या जागी पुन्हा बसते. दुसरी पक्की गाठ, गंधकाच्या बंधांची. ती पाण्यानं सुटत नाही, त्यासाठी रसायनं लागतात. इस्त्री किंवा चिमटा फक्त कच्ची गाठ सोडवतो. म्हणून तर सकाळी पार्लरमध्ये सरळ केलेले केस मुंबईच्या पावसाळी हवेत संध्याकाळपर्यंत मूळ पदावर येतात. नेसलरनं पक्क्या गाठीला हात घातला, म्हणून त्याची लाट टिकली आणि म्हणूनच त्याच्या बायकोचे केस जळले. पुढं लीड्सच्याच जे. बी. स्पीकमन यांच्या अभ्यासानं ही पक्की गाठ फारशी उष्णता न वापरता सोडवायची वाट दाखवली आणि १९४० च्या दशकात तो थंड पर्म बाजारात स्थिरावला.

आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळतो, पण पीळ जात नाही. चिमट्याच्या बाबतीत ती उलटी करावी लागते. इथं दिलेला पीळ पहिल्या दमट वाऱ्यानं जातो, पण जळलेलं जळलेलंच राहतं. केस हा जिवंत अवयव नाही. कातडीवरची जखम भरते, तसा केस भरून येत नाही. तो वाढून कापला जाईपर्यंत ती इजा सोबत असते.

इजा होते कशी? ओल्या केसाला तापलेला चिमटा लावला, तर केसाच्या आतल्या पाण्याची एकदम वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते. मग ती आतच बुडबुडे करते, पुरीत वाफ भरावी तसे. असा केस सूक्ष्मदर्शकाखाली फुगीर, छिद्रांनी भरलेला दिसतो आणि तिथंच तुटतो. डॉक्टरांनी १९८६ मध्ये या प्रकाराची नोंद केली आणि त्याला ‘बुडबुड्यांचा केस’ असंच नाव दिलं. पुढं प्रयोगांत दिसलं, की चिमटा मिनिटभर धरून ठेवला, तर सव्वाशे अंशांनाही हे होऊ शकतं. केस कोरडा असेल, तर तो दोनशेच्या वरपर्यंत तग धरतो. ओला असेल, तर केराटिनचे पीळ दीडशे-एकशे साठ अंशांच्या आसपासच मोडू लागतात. म्हणजे केस पूर्ण वाळवल्याशिवाय चिमटा लावू नये, हा पार्लरमधला नियम अगदी शास्त्रशुद्ध आहे.

आणि गरम हवेचा ड्रायर? २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी त्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. ड्रायर पंधरा सेंटिमीटरवर धरला, तर केसाजवळ सत्तेचाळीस अंश, दहावर एकसष्ट आणि पाचवर पंचाण्णव. जितका जवळ तितकी केसाच्या पृष्ठभागाची हानी जास्त. पण गंमत म्हणजे ओले केस तासन्‌तास तसेच ठेवले, तर केसांच्या आतल्या पेशींना जोडणारा थर बिघडतो, असंही त्यांना दिसलं. त्यांचा निष्कर्ष असा, की वीतभर अंतरावरून ड्रायर सतत हलता ठेवून केस वाळवावेत. धुपाटण्यातला निखारा लांब ठेवणाऱ्या आजीनं यापेक्षा वेगळं काय सांगितलं होतं?

तेलाचंही असंच. २००३ मध्ये मुंबईतल्याच आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी दाखवून दिलं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाचं तेल किंवा खनिज तेल तसं करत नाही. म्हणून न्हाण्याआधी खोबरेल जरूर लावावं. पण तेल थापून वर इस्त्री फिरवू नये. अमेरिकेत तापलेल्या फणीखाली चरबट मलम लावत, ते वितळून केसावरून मुळापर्यंत ओघळे. १९६८ मध्ये तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी टाळूवरच्या एका प्रकारच्या टकलेपणाचा दोष या ओघळाला दिला. पुढं तो दोष एकट्या फणीवर टाकता येत नाही, असं ठरलं. तरी गरम तेलानं टाळू भाजते, यात शंका नाही. आज इस्त्रीआधी जे फवारे मिळतात, त्यांतली सिलिकोन केसावर पातळ थर धरतात आणि उष्णता हळू, सारखी पोहोचवतात. ते चटका कमी करतात, नाहीसा करत नाहीत. कणकेचं आणि कागदाचं काम आता ती करतात, एवढंच.

शेवटी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या शतकाच्या सुरुवातीला ब्राझीलमधून ‘केराटिन ट्रीटमेंट’ जगभर पसरली. त्यांतल्या अनेक द्रावणांत फॉर्माल्डिहाइड असतं किंवा गरम इस्त्री फिरली की तयार होतं, आणि त्याची वाफ खोलीभर पसरते. या वायूनं माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलं होतं. २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं पार्लरमधल्या कामगारांसाठी धोक्याची सूचना काढली. आपण ही ट्रीटमेंट वर्षातून एकदा-दोनदा करून घेणार. ती करणारी मुलगी ती वाफ दिवसातून किती वेळा श्वासात घेणार? केस जपण्याचा एवढा विचार झाला, आता चिमटा धरणाऱ्या हातांचा आणि छातीचाही व्हायला हवा. पार्लरमध्ये गेलात, तर बाटलीत काय आहे ते विचारा, खिडकी उघडी आहे का ते पाहा. तेवढं तर आपल्या हाती आहे.

त्या दिवशी पुतणीचे केस छान झाले. काम संपल्यावर ती मुलगी चहा प्यायला बसली, तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे चार-पाच जुने डाग दिसले. मी विचारलं, ‘‘हे गं कशाचे?’’

‘‘शिकताना लागलं काकू,’’ ती हसून म्हणाली. ‘‘गिऱ्हाइकाला लागू नये म्हणून आधी आपल्यालाच लागतं.’’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)